पार्श्वभूमी : स्टॅटिनच्या तक्रारींना दाद कशी मिळत गेली

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या यादीत गोवा सर्वांत वर होता : २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एक. त्यावर चर्चा पुष्कळ झाली, पण ती साखरेपुरती. मधुमेह आहे आणि वय चाळिशीपलीकडे आहे म्हटलं की साखरेच्या गोळीपाठोपाठ कोलेस्टेरॉलची गोळी येतेच. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, नाहीतर रोसुव्हास्टॅटिन. या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. रात्री जेवल्यावर ती घेणारं कुणीच नाही असं घर पेडण्यापासून काणकोणापर्यंत आता शोधावं लागेल. तक्रारीही सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. पोटऱ्या भरून येतात, जिना चढताना मांड्या धरतात, समोरच्याचं नाव ऐनवेळी आठवत नाही. डॉक्टरांकडे विषय काढला की उत्तर बहुधा दोनपैकी एक मिळतं : ‘वयोमानाने होणारच’ किंवा ‘गोळी मात्र बंद करू नका’. दुसरं उत्तर साधारणपणे योग्य असतं. पहिलं दर वेळी योग्य असतंच असं नाही, आणि एवढं पदरात पाडून घ्यायला रुग्णांना काही दशकं झगडावं लागलं. हा झगडा मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये झाला. औषधाच्या माहितीपत्रकावर आज जे छापलेलं असतं, त्यातल्या कित्येक ओळी त्या झगड्यातून आल्या.

सुरुवात स्टॅटिनच्याही आधीची आहे. १९६० साली अमेरिकेत मेरेल कंपनीने ट्रायपॅरानॉल हे औषध बाजारात आणलं. त्याचं बाजारातलं नाव ‘मेर-२९’. शरीर कोलेस्टेरॉल बनवतं त्या साखळीची अगदी शेवटची कडी हे औषध तोडत असे. त्यामुळे कोलेस्टेरॉलचा आकडा खाली यायचा, पण त्याच्या अलीकडचा डेस्मोस्टेरॉल हा पदार्थ शरीरात साचत जायचा. लोकांचे केस गळू लागले, कातडी सुकून खपल्या धरू लागल्या, आणि ऐन मध्यम वयात मोतीबिंदू झाले. कंपनीला प्राण्यांवरच्या प्रयोगांतून याची कुणकुण आधीच लागली होती. ते उघड कसं झालं, ही गोष्ट कादंबरीत घातली तर कुणी खरी मानणार नाही. प्रयोगशाळेतल्या एका महिला तंत्रज्ञाला माकडांच्या नोंदी बदलायला सांगण्यात आलं होतं. तिने पुढे नोकरी सोडली. तिचा नवरा कामावर जाताना काही जणांबरोबर एकाच गाडीतून जायचा. त्या गाडीत एक जण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा, निरीक्षक होता. बोलता बोलता विषय निघाला आणि तपासणीचे अधिकारी थेट कंपनीच्या दारात पोहोचले. एप्रिल १९६२ मध्ये औषध मागे घेतलं गेलं. दोन वर्षांनी कंपनीला ८० हजार डॉलर दंड झाला. त्या काळीही ही रक्कम अशा कंपनीला जड नव्हती. रुग्णांनी लावलेल्या दाव्यांची भरपाई मात्र तिला कितीतरी पटींनी महाग पडली. त्यासाठी वेगवेगळ्या राज्यांतल्या वकिलांनी एकत्र येऊन कागदपत्रं वाटून घेतली होती. कोलेस्टेरॉलच्या औषधाविरुद्ध रुग्णांची बाजू संघटितपणे मांडली गेली ती इथून.

स्टॅटिनचा जन्म यापेक्षा पुष्कळ सरळ आहे. जपानमधल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडलेल्या बुरशीत त्यांना १९७३ मध्ये हवा तो पदार्थ मिळाला, कॉम्पॅक्टिन. तो साखळीची शेवटची नव्हे तर सुरुवातीकडची कडी अडवतो, त्यामुळे मेर-२९ सारखा घातक पदार्थ साचत नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतल्या शंकेमुळे कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आलं नाही. त्याच जातीचं मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये मंजूर झालं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी भरलं आणि वादाचा निकाल लागल्यासारखं झालं. हा फायदा खरा आहे. पुढची सगळी भांडणं वाचताना तो नजरेआड करून चालत नाही. ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याने पाय दुखतात म्हणून आपल्या मनाने गोळी सोडणं हा स्वतःच्या जिवाशी खेळ आहे.

ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीला सेरिव्हास्टॅटिन जगभरातून मागे घ्यावं लागलं. स्नायू विरघळून त्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात, अशा विकाराने घेणाऱ्यांपैकी ५२ जणांचे मृत्यू तोवर नोंदले गेले होते. जेमफायब्रोझिल हे दुसरं औषध जोडीला असेल तर धोका आणखी वाढे. ‘स्टॅटिनने स्नायूंना काही होत नाही’ असं यानंतर कुणाला म्हणता येईना. पण एक नवी भिंत उभी राहिली. रक्तातला सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) भरमसाट वाढलेला असेल तरच स्नायूंचा विकार, रिपोर्ट नॉर्मल असेल तर तक्रार मनाची. पुढची वीस वर्षं रुग्णांचं भांडण या भिंतीशी झालं.

त्या भांडणातलं पहिलं ठळक नाव रुग्णाचं आणि डॉक्टरचंही आहे. ड्वेन ग्रेव्हलाइन हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर, १९६५ मध्ये नासाने निवडलेल्या वैज्ञानिक-अंतराळवीरांपैकी एक. १९९९ मध्ये नासाच्या वार्षिक तपासणीनंतर त्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन सुरू झालं. सहा आठवड्यांनी ते फिरून घरी आले आणि बायकोलाच ओळखेनात. काही तासांनी स्मृती परत आली. त्यांनी स्वतःहून गोळी थांबवली. वर्षभराने तपासणीत पुन्हा आग्रह झाला म्हणून निम्मा डोस सुरू केला आणि सहा आठवड्यांत तसाच, पण जास्त लांबलेला झटका आला. त्यांना भेटलेल्या डॉक्टरांनी स्टॅटिनचा संबंध झटकून टाकला. मग त्यांनी औषधांविषयीच्या एका वृत्तपत्रीय सदराला पत्र लिहिलं, आणि तशाच अनुभवांच्या पत्रांचा पाऊस पडला. एका माणसाच्या दोन झटक्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, आणि ग्रेव्हलाइन यांची पुढची काही मतं पुराव्याच्या फार पुढे गेली होती. पण पत्रं लिहिणाऱ्यांना आपण एकटे नाही हे तेव्हा कळलं.

या विखुरलेल्या अनुभवांना अभ्यासाचं रूप दिलं ते सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. बिॲट्रिस गोलोम्ब यांनी. त्यांनी रुग्णांकडून थेट नोंदी मागवायला सुरुवात केली. त्यांच्या गटाचा २००७ मधला निबंध मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने औषधाची नव्हे तर डॉक्टरांची तपासणी केली. साडेसहाशे रुग्णांना विचारलं होतं की, तुम्ही तक्रार सांगितली तेव्हा काय झालं? विषय बहुतेक वेळा रुग्णानेच काढला होता, आणि गोळीशी संबंध असू शकेल असं मानणाऱ्यांपेक्षा तो नाकारणारे डॉक्टर जास्त निघाले. या नोंदी देणारे लोक स्वतःहून पुढे आलेले होते, ही मर्यादा आहेच. तरी एक मेख लक्षात येते. दुष्परिणामांची सरकारी आकडेवारी जर मुख्यतः डॉक्टरांनी पाठवलेल्या नोंदींवर चालत असेल आणि डॉक्टरच संबंध नाकारत असतील, तर आकडा कमी येणारच, आणि तोच कमी आकडा दाखवून पुढच्या रुग्णाला गप्प बसवता येतं.

चाचण्यांबद्दलची रुग्णांच्या चळवळीची तक्रारही याच धर्तीची होती. २०,५३६ लोकांवरच्या गाजलेल्या ब्रिटिश चाचणीत मुख्य अभ्यासाआधी सगळ्यांना काही आठवडे स्टॅटिन देऊन पाहिलं होतं. ज्यांना ते सोसलं नाही ते तिथेच बाहेर पडले. उरलेल्यांत दुष्परिणाम कमी दिसले, यात नवल ते काय, असा रुग्णांचा सवाल. सवाल बिनतोड नाही, पण रास्त आहे. कार्यकर्त्यांचा आवडता आणखी एक दाखला म्हणजे मर्कने १९९० मध्ये स्टॅटिन आणि कोएन्झाइम क्यू-१० (पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा, शरीरातच तयार होणारा पदार्थ) यांच्या जोडगोळीचं पेटंट घेऊन ठेवलं होतं आणि ती गोळी कधीच काढली नाही. पेटंट खरं आहे. मात्र क्यू-१० ने स्नायूदुखी थांबते असं चाचण्यांतून ठामपणे दिसलेलं नाही, त्यामुळे या दाखल्यात संशय जास्त आणि पुरावा कमी.

अधिकृत दाद हप्त्याहप्त्याने मिळाली. ब्रिटनमध्ये थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर (गरोदरपणी ते औषध घेतल्याने बाळं व्यंग घेऊन जन्मली होती) १९६४ मध्ये सुरू झालेली, औषधांचे दुष्परिणाम कळवायच्या पिवळ्या कार्डाची पद्धत चाळीस वर्षं डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांपुरतीच होती. २००५ पासून रुग्णांनाही ते कार्ड भरता येऊ लागलं. तीनच वर्षांनी तिथल्या नियामकाने झोपेच्या तक्रारी, स्मरणशक्ती कमी होणं आणि नैराश्य यांचा उल्लेख स्टॅटिनच्या माहितीत घालायला लावला. २००८ मध्येच दोन पक्के धागे हाती आले. एसएलसीओ१बी१ या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या माणसाला सिम्व्हास्टॅटिनच्या मोठ्या डोसाने स्नायूविकार होण्याची शक्यता सुमारे सतरा पट दिसली. तर एका मोठ्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेहाचं निदान थोडं जास्त आढळलं. २०१० मध्ये तेरा चाचण्यांतल्या ९१,१४० लोकांची माहिती एकत्र केल्यावर ही वाढ ९ टक्के भरली. २०११ मध्ये एफडीएने सिम्व्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅमच्या डोसाला आवर घातला. फेब्रुवारी २०१२ मध्ये रक्तातली साखर वाढणं आणि विसराळूपणा या दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर आल्या. विसराळूपणा सहसा गंभीर नसतो आणि गोळी थांबवल्यावर जातो, ही पुस्ती त्याला होती. जिथे चार प्रौढांतला एक मधुमेही आहे, त्या गोव्यात साखरेची ती ओळ रुग्णाला कुणी समजावून सांगितली, हा प्रश्न विचारायला हवा. गंमत म्हणजे त्याच आपल्याकडे कोलेस्टेरॉल म्हटलं की हुमणातल्या नारळाची उलटतपासणी हमखास होते!

दादेची वाट न्यायालयात मात्र अडली. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनने मधुमेह झाला म्हणून अमेरिकेत हजारो महिलांनी फायझरविरुद्ध दावे लावले. २०१७ मध्ये ते फेटाळले गेले आणि पुढच्या वर्षी अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. समूहात ९ टक्के वाढ दिसणं वेगळं, आणि या बाईला या गोळीनेच मधुमेह झाला हे दाखवणं वेगळं.

वैद्यकीय जगतातली सर्वांत कडवी झुंज २०१३-१४ मधली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या दोन लेखांत १८ ते २० टक्के लोकांना स्टॅटिनचे दुष्परिणाम होतात अशा अर्थाचं विधान होतं. ऑक्सफर्डचे रोरी कॉलिन्स यांनी लेखच मागे घ्या म्हणून आग्रह धरला. आकडा चुकीच्या वाचनातून आला होता. नियतकालिकाने ती दुरुस्ती छापली, आणि लेख मागे घेण्याची गरज नाही असा निर्वाळा स्वतंत्र समितीने दिला. दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असं मानलं.

पुढचं वळण चळवळीला अडचणीचं होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या. चारमध्ये अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, चारमध्ये तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आणि त्रास किती झाला याचे रोज शंभरपैकी गुण. २०२० मध्ये निकाल आला. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि औषध नसलेल्या गोळ्यांच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास खरा होता, पण त्याचा बहुतांश भाग औषधाने नव्हे, गोळी घेतल्याच्या जाणिवेने आणि धास्तीने आणलेला होता. २०२२ मध्ये दीड लाखाहून जास्त लोकांच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. त्यात स्नायूंच्या ९० टक्क्यांहून अधिक तक्रारींना स्टॅटिन कारण नव्हतं. जे थोडं जास्तीचं प्रमाण दिसलं, ते बहुतेक पहिल्या वर्षातलं.

मग रुग्ण खोटं बोलत होते का? अजिबात नाही. २०१६ च्या एका चाचणीत स्टॅटिन सोसत नाही असं सांगणाऱ्या ४९१ जणांना कोणती गोळी कधी हे न सांगता स्टॅटिन आणि औषधविरहित अशा दोन्ही गोळ्या दिल्या, तेव्हा ४२.६ टक्के लोकांना फक्त खऱ्या गोळीवर त्रास झाला आणि २६.५ टक्क्यांना फक्त खोट्या गोळीवर. एकाच दालनात दोन्ही प्रकारचे लोक बसलेले आहेत, आणि कोण कुठला हे नुसतं बघून ना डॉक्टरला सांगता येतं ना रुग्णाला. शिवाय एक लहान गट असा आहे की ज्याच्या शरीरात स्टॅटिनमुळे स्वतःच्याच स्नायूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि गोळी थांबवली तरी विकार चालू राहतो. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे दाखवलं त्याआधी या लोकांनाही ‘गोळी बंद केली ना, मग आता ती कशी कारण असेल?’ असंच ऐकावं लागलं असणार.

‘स्टॅटिन न सोसणारा रुग्ण’ या वर्गाला प्रतिष्ठा मिळाली ती त्याला विकता येईल असं दुसरं औषध आल्यावर, हे माझं थोडं कडवट निरीक्षण. ४९१ जणांची ती चाचणी महागड्या इंजेक्शनच्या औषधासाठी होती. स्टॅटिनऐवजी देता येणाऱ्या बेम्पेडोइक अ‍ॅसिडची २०२३ मधली मोठी चाचणी, १३,९७० लोकांची, खास स्टॅटिन न सोसणाऱ्यांवरच झाली. ती गोळी आता भारतातही मिळते.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून त्याचा कारभार गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. त्याची केंद्रं मेडिकल कॉलेजांत असतात, आपल्याकडे गोव्यात बांबोळीला. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे, त्यावर डॉक्टरांची सही लागत नाही, आणि १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर फोन करूनही नोंद देता येते. औषध कोणतं, किती मिलिग्रॅमचं, कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, गोळी थांबवल्यावर काय झालं, एवढं सांगता आलं की काम होतं. अडचण येते ती पट्टीची. फार्मसीत पाच गोळ्या मागितल्या की पट्टी कापून मिळते, बॅच नंबर छापलेला तुकडा दुकानातच राहतो, आणि माहितीपत्रक तर रुग्णाच्या हाती क्वचितच पडतं. बिलावर तो नंबर छापलेला असतो, म्हणून निदान बिल जपून ठेवावं.