सामाईक घराचे कर्ज एकाच्या नावावर घेणे

नवरा-बायकोने मिळून काढलेले गृहकर्ज फेडून दोघांपैकी एकाने एकट्याच्या नावावर नवे कर्ज काढणे आणि त्यातूनच दुसऱ्याचा वाटा चुकता करणे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात (हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब) घर न विकता वाटणी करायची असेल तेव्हा हा मार्ग घेतला जातो.

‘यापुढचे हप्ते पत्नी भरेल’ असे संमतीच्या अटींत लिहिले आणि न्यायालयाने ते मान्य केले, तरी बँक त्या समझोत्यात पक्षकार नसते. सहकर्जदार म्हणून सही केलेला नवरा पूर्ण कर्जाला जबाबदारच राहतो आणि हप्ता थकला की सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) दोघांचेही बिघडते. म्हणून जुने कर्ज बंद होणे महत्त्वाचे. बदलत्या व्याजदराचे असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

समजा, कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या फ्लॅटची किंमत ६० लाख आहे आणि कर्ज २४ लाख बाकी आहे. उरलेल्या ३६ लाखांचे निम्मे १८. घर ठेवणाऱ्याला ४२ लाखांचे कर्ज लागेल; ८.५ टक्के दराने १५ वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,४०० रुपये. एवढ्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे; त्यात, म्हणजे ४८ लाखांत, हे बसते. एका पगारात बसेलच असे नाही, आणि सामोपचाराने ठरलेले व्यवहारही बहुधा इथेच अडतात.

मालकी बदलण्यासाठी वेगळा नोंदणीकृत दस्त लागतो. पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, पण ते नाते कायद्याने टिकून आहे तोवरच. शिवाय १८ लाख मोजून घेतल्यावर त्याला बक्षीस म्हणता येत नाही. शुल्क वाचवायला तसे लिहिण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो न ऐकलेला बरा. हक्कसोडपत्राची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे, दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटला ती नाही.

कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. नवी बँक हीच कागदपत्रे तारण म्हणून ठेवून घेते. त्यानंतर सोसायटीचा भागदाखला, वीजबिल आणि महापालिकेचा घरफाळा यांवरची नावे बदलावी लागतात. घरफाळ्याचे नाव बदलले म्हणजे घर नावावर झाले असे अनेकजण धरून चालतात. ती नोंद फक्त करवसुलीपुरती असते.