वृक्षरेषेचा इतिहास: झाडाला नेमके कोणते तापमान थांबवते?

पर्वत चढत गेले की झाडांच्या जाती बदलत जातात आणि एका उंचीनंतर (हीच वृक्षरेषा) झाडे वाढेनाशी होतात, हे डोंगराळ मुलखातल्या माणसांना पूर्वापार ठाऊक होते. परंतु त्या बदलाची शास्त्रीय नोंद १८व्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर यांना अरारात पर्वताच्या पायथ्याशी आर्मेनियातल्या, त्यावरच्या उतारांवर फ्रान्समधल्यासारख्या आणि आणखी वर स्कँडिनेव्हियातल्यासारख्या वनस्पती आढळल्या.

या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली ती जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी. जून १८०२ मध्ये ते सध्याच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रात त्यांनी उंचीनुसार वनस्पती, तापमान आणि वायुदाब एकत्र मांडले. हे चित्र अनेक ठिकाणच्या नोंदींवरून तयार केलेले होते, आणि त्यातील उंचावरच्या वनस्पतींच्या बऱ्याच नोंदी अंतिसाना या दुसऱ्या पर्वतावरच्या होत्या, हे २०१९ मधील अभ्यासाने दाखवून दिले. म्हणून आजच्या चिंबोराझोशी त्याची थेट तुलना करणे धोक्याचे ठरते. पुढे १८१७ मध्ये हुम्बोल्ट यांनी समताप रेषांचा (सारखे तापमान असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मांडला, आणि अक्षांशाइतकेच समुद्र व भूभागही तापमान ठरवतात हे त्यातून स्पष्ट झाले.

यानंतर मर्यादा आकड्यांत बांधण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील निसर्गशास्त्रज्ञ मेरियम यांनी १८८९ मध्ये ॲरिझोनातील सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर वाळवंटापासून वृक्षहीन माथ्यापर्यंतचे पट्टे नोंदवले. त्यांनी उष्णतेला सर्वस्व मानले आणि पावसाला फारच कमी लेखले, असे मला वाटते. हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या हवामान वर्गीकरणात सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचत नसेल, तर तेथे जंगल नाही, असे मानले जाते. उत्तर ध्रुवाकडील सीमेला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. मात्र विषुववृत्ताजवळच्या पर्वतांवर, जिथे बारा महिने हवा जवळपास सारखीच थंड असते, तिथे १० अंशांहून थंड हवेतही झाडे वाढतात.

ही विसंगती सोडवण्यात स्वित्झर्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिश्चन कोर्नर यांच्या कामाचा वाटा मोठा आहे. वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान पाहिले, तर जगभरातील वृक्षरेषा साधारण ६ ते ७ अंशांच्या आसपास येते. थंडीतही पाने अन्न तयार करतच असतात. परंतु ५ अंशांच्या खाली नव्या पेशी आणि लाकूड घडण्याचा वेग जवळजवळ थांबतो. उंच झाडाचा शेंडा वाहत्या हवेइतकाच गार राहतो, तर जमिनीलगतची झुडपे उन्हात तापलेली हवा धरून ठेवतात, आणि म्हणूनच वृक्षरेषेच्या वरही झुडपे व गवत टिकून राहतात.

भारतात वनशास्त्रज्ञ चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये वनांचे वर्गीकरण केले आणि सेठ यांच्यासह १९६८ मध्ये ते सुधारले. त्याची पहिली विभागणी मुख्यतः तापमानावर आधारलेली आहे: उष्णकटिबंधीय, उपोष्ण, समशीतोष्ण आणि अल्पाइन (अतिउंच पर्वतीय). पश्चिम हिमालयात साल, चीड, बांज ओक व देवदार, आणि शेवटी भूर्ज, हा क्रम त्यात ठळक दिसतो. महाबळेश्वरच्या सदाहरित वनालाही त्याच वर्गीकरणाने उपोष्ण गटात बसवले.

निलगिरीच्या पठारावर मात्र सरासरी पुरत नाही. तिथल्या शोला वनांच्या (डोंगरखळग्यांतील बुटक्या सदाहरित वनांच्या) सावलीत रोपे तगतात, पण लगतच्या उघड्या गवताळ उतारांवर हिवाळ्यातल्या काही रात्रींचे दहिवर (गोठलेले दव) कोवळी रोपे जाळून टाकते. गवताळ भागाच्या टिकण्यात वणव्यांचाही वाटा असला, तरी वर्षाच्या सरासरीत जेमतेम दिसणाऱ्या या रात्री तिथे वनाची कड आखण्यास हातभार लावतात.