घरं कुठे एवढीशी आणि कुठे एवढी मोठी, हे ठरलं कसं

हाँगकाँगमध्ये २०१६ साली मोजणी झाली तेव्हा माणशी घरातली जागा निघाली साधारण १५ चौरस मीटर, म्हणजे १६१ चौरस फूट, आणि हा मधला आकडा आहे, म्हणजे निम्म्या कुटुंबांकडे त्याहूनही कमी. त्याच सुमारास अमेरिकेत नवीन बांधलेलं सरासरी घर २६०० चौरस फुटांच्या वर गेलं होतं आणि त्यात राहणारी माणसं सरासरी अडीच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेक जण लगेच म्हणतात, तिकडे जमीन कमी, इकडे जमीन भरपूर, विषय संपला. पण हाँगकाँगच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम पाव जमिनीवरच बांधकाम आहे, जवळपास ४० टक्के जमीन तर कंट्री पार्क म्हणून राखून ठेवलेली आहे. जमीन कमी आहे हे खरंच, पण त्यातली बांधायला किती मोकळी करायची हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि माझ्या मते घरांचा सगळा इतिहास या ठरवण्याचाच आहे.

सुरुवात चालण्यापासून करावी लागते. जोपर्यंत माणूस कामाला पायी जायचा तोपर्यंत शहर तासाभराच्या चालीपेक्षा मोठं होऊच शकत नव्हतं, त्यामुळे सगळे आत दाटीवाटीने राहायचे. बाजारापासून जितकं लांब तितकी जमीन स्वस्त, हा हिशोब जर्मनीत फॉन थ्युनेन नावाच्या शेतकरी अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्ये शेतीसाठी मांडला होता, तोच पुढे शहरांना लागू झाला. मग १८६३ ला लंडनमध्ये भुयारी रेल्वे आली, नंतर ट्राम, बस, मोटारी, आणि लांबची स्वस्त जमीनही 'जवळची' झाली. दुसरीकडे ओटिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा दोर कापून दाखवला आणि लिफ्ट खाली पडली नाही, त्यानंतर शहर वरही जायला लागलं. आधी श्रीमंत खालच्या मजल्यांवर राहायचे आणि गरीब जिने चढून वर, लिफ्टने ते उलटंच केलं.

याचा किमतींवर काय परिणाम झाला ते पुढे १४ विकसित देशांच्या १८७० पासूनच्या आकड्यांच्या अभ्यासातून दिसलं. महागाई वजा केली तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरांच्या किमती जवळपास जागच्या जागी होत्या, आणि त्यानंतर मात्र चढत गेल्या, त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वाढीतला साधारण ८० टक्के वाटा जमिनीचा, विटा सिमेंटचा नाही. म्हणजे भिंती सगळीकडे थोड्याफार फरकाने सारख्याच खर्चात उभ्या राहतात, खरा फरक असतो तो भिंतींखालच्या जमिनीत. स्वस्त जमीन जवळ आणणारी वाहतूक एका टप्प्यानंतर पुरी पडेना, आणि नेमकं त्याच काळात जमिनीवरचे नियम वाढत गेले.

नियम काही वाईट हेतूने आले नव्हते, हे आधी सांगायला पाहिजे. न्यूयॉर्कच्या टेनेमेंट, म्हणजे गरिबांच्या भाड्याच्या चाळवजा बिल्डिंगांमध्ये खिडकीच नसलेल्या खोल्यांत अख्खी कुटुंबं राहायची आणि क्षयाने मरायची. १८७९ च्या कायद्याने खिडकी सक्तीची केली तर मालकांनी बिल्डिंगच्या मधोमध अरुंद झरोके ठेवले, त्यात उजेड यायच्या ऐवजी कचरा पडायचा, म्हणून १९०१ मध्ये पुन्हा कडक कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये तर १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवरच कर होता, लोकांनी कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवल्या, त्या बुजवलेल्या खिडक्या आजही जुन्या घरांवर दिसतात. एका कराने दीडशे वर्षं लोकांच्या घरातला उजेड कमी केला!

माणसाला कमीत कमी किती घर लागतं हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर युरोपात फार मनापासून विचारला गेला. फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ मध्ये १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर काढलं, हात कुठे पोचतो, पावलं किती पडतात हे सगळं मोजून, आज जगभर फ्लॅटमध्ये जो ओटा आणि वरची कपाटं दिसतात त्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे. पण मला सगळ्यात जास्त भावतं ते व्हिएन्ना. युद्धाआधी तिथे लोक फक्त पलंग भाड्याने घ्यायचे, एक जण रात्रपाळीला गेला की दुसरा झोपायचा, इतकी वाईट अवस्था. शहराची सत्ता सोशल डेमोक्रॅट्स या समाजवादी पक्षाकडे आली आणि त्यांनी १९२३ पासून घरबांधणी कर लावला, तोही असा चढता की सगळ्यात महागड्या अर्धा टक्का मालमत्तांकडूनच जवळपास ४५ टक्के रक्कम यायची. शिवाय भाड्यावर आधीपासून नियंत्रण असल्यामुळे खाजगी बिल्डरला जमिनीत रस उरला नव्हता, जमीन स्वस्त झाली आणि ती महापालिकेने घेऊन टाकली. १९३४ पर्यंत ६० हजारांच्या वर घरं झाली, त्यातल्या कार्ल-मार्क्स-होफ या एका इमारतीची लांबी एक किलोमीटरहून जास्त आणि घरं १३८२. घरं लहानच होती, बरीचशी ३८ किंवा ४८ चौरस मीटरची, पण आत नळ आणि संडास, खाली धुलाईघर, बालवाडी, मोठी मोकळी अंगणं. आजही त्या शहरात साधारण निम्मे लोक महापालिकेच्या नाहीतर अनुदानित घरात राहतात. म्हणजे लहान घर आणि महाग घर या दोन गोष्टी एकच नाहीत, लहान असून स्वस्त आणि नीट घर देता येतं, फक्त ते कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

अमेरिकेची गोष्ट पूर्ण वेगळ्या दिशेने गेली. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने झोनिंग मान्य केलं, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं ते गाव ठरवणार, आणि त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटला चक्क परजीवी म्हटलंय. मग १९३४ ला सरकारने घरकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली, त्यामुळे कर्ज फेडायची मुदत लांबली आणि हप्ता आवाक्यात आला, १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना स्वस्त कर्ज मिळालं, १९५६ ला महामार्गांचा कायदा झाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाचं उपनगर उभं राहिलं, कारखान्यात गाड्या जुळवतात तशी घरं, चार वर्षांत १७ हजारांच्या वर. आज कुणाला खरं वाटणार नाही पण ती घरं साधारण ७५० चौरस फुटांची होती, दोन बेडरूम आणि वर अपुरा सोडलेला माळा. त्या घरांच्या करारात काळ्या लोकांना राहायला मनाई होती आणि सरकारी कर्जहमीही त्यांच्या वस्त्यांना मिळत नव्हती, त्यामुळे घरातून संपत्ती तयार होण्याचा जो सगळ्यात मोठा मार्ग त्या देशाने काढला तो एका समाजाला बंद ठेवला गेला, त्याचे परिणाम अजून नातवंडं भोगताहेत. १९७३ मध्ये नवीन घराची सरासरी १६६० चौरस फूट होती आणि घरात माणसं सरासरी तीन, पुढच्या ४० वर्षांत माणसं कमी झाली आणि घर हजार फुटांनी वाढलं. याला आवड जेवढी कारणीभूत तेवढाच नियमही, कारण कित्येक गावांत प्लॉट अमुक एवढा मोठा असलाच पाहिजे आणि त्यावर एकच घर अशी अट असते, मग एवढी महाग जमीन घेतल्यावर त्यावर लहान घर बांधणं बिल्डरला परवडतच नाही.

आता दोन आगींबद्दल, कारण एकसारख्या संकटातून दोन शहरं किती वेगळीकडे गेली हे त्यातून कळतं. २५ डिसेंबर १९५३ ला हाँगकाँगच्या शेक किप मेई झोपडपट्टीत आग लागली, सुमारे ५३ हजार लोक एका रात्रीत बेघर झाले. सरकारने पुनर्वसनाच्या बिल्डिंगा बांधल्या, सहा सात मजली, १२० चौरस फुटांच्या एका खोलीत पाच मोठी माणसं, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. सिंगापूरमध्ये २५ मे १९६१ ला बुकित हो स्वी वस्ती जळाली, १६ हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. तिथे गृहनिर्माण मंडळ, एचडीबी, जेमतेम वर्षभरापूर्वी स्थापन झालं होतं, त्यांनी जळलेल्या जागेवरच भराभर फ्लॅट उभे केले. दोन्हीकडे सरकारच बांधत होतं, मग फरक कुठे पडला? सिंगापूरने १९६६ मध्ये भूसंपादनाचा कायदा केला आणि जमीन बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी भरपाईत सरकारकडे आणली, १९६८ पासून लोकांना आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून फ्लॅट घ्यायची मुभा दिली, ९९ वर्षांच्या लीजवर. आज सुमारे ८० टक्के रहिवासी एचडीबीच्या घरात आहेत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यावर अन्याय झाला, ते नाकारता येणार नाही. हाँगकाँगमध्ये जमीन जवळपास सगळी सरकारचीच होती, तरी गणित उलटं झालं, कारण इतर कर कमी ठेवायचे आणि खजिना जमिनीच्या लिलावातून भरायचा असं धोरण राहिलं, मग जमीन थोडी थोडी आणि चढ्या भावाने सोडण्यातच सरकारचा फायदा. त्यात हाँगकाँग ब्रिटनकडून चीनला परत द्यायचं ठरवणाऱ्या १९८४ च्या चीन-ब्रिटन जाहीरनाम्याने १९९७ पर्यंत वर्षाला फक्त ५० हेक्टर नवीन जमीन द्यायची मर्यादा घातली. एकाच फ्लॅटचे तुकडे करून भाड्याने द्यायची पद्धत, गाडीच्या पार्किंगएवढे नॅनो फ्लॅट, हे सगळं त्यातूनच आलं. शेवटी २०२१ मध्ये सरकारने विकायच्या जमिनींवर किमान २६ चौरस मीटर, म्हणजे २८० चौरस फुटांची अट घातली.

सोव्हिएत युनियनचं थोडक्यात सांगतो, तिथे माणशी ९ चौरस मीटर असं सरकारी माप होतं पण मिळायचं त्याहून कमी, एका फ्लॅटमध्ये चार पाच कुटुंबं आणि एक स्वयंपाकघर. ख्रुश्चेव्हच्या काळात तयार काँक्रीटच्या पाच मजली बिल्डिंगा निघाल्या, पाचच मजले कारण त्यापुढे लिफ्ट लागते. स्वयंपाकघर पाच सहा चौरस मीटरचं, पण दार लावलं की आपलं, आणि लाखो लोकांनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःचं दार लावलं.

ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने कुठलंही बांधकाम परवानगीशिवाय बंद झालं आणि १९५५ पासून शहरांभोवती हरित पट्टे आखायला सुरुवात झाली, त्यामुळे गावं वाचली पण शहरांना बाहेर पसरायला जागा राहिली नाही. १९६१ च्या पार्कर मॉरिस अहवालाने मात्र फार चांगला विचार केला होता, घरात माणसं काय काय करतात, टेबलाभोवती किती जागा लागते, मुलं अभ्यास कुठे करणार, यावरून घराचं माप काढायचं. साठच्या दशकाच्या शेवटी ते सरकारी घरांना सक्तीचं झालं आणि १९८० ला रद्द केलं, त्याच वर्षी भाडेकरूंना सरकारी घरं विकत घ्यायचा हक्क दिला. लहान घरांचं म्हणाल तर हे पण लक्षात घ्या की १९७९ मध्ये युरोपियन समुदायाच्या एका अहवालात जपानी घरांना सशाची खुराडी म्हटलं होतं, प्रत्यक्षात जपानमधलं सरासरी घर आज ९० चौरस मीटरच्या वर आहे, टोकियोत त्याहून बरंच लहान असलं तरी.

टोकियोचं वेगळेपण म्हणजे तिथे झोनिंगचे प्रकार अख्ख्या देशाला एकच, केंद्राने ठरवलेले, आणि नियमात बसत असेल तर बांधायची परवानगी मिळतेच, शेजारी नको म्हणाले म्हणून काम अडत नाही. १९९१ च्या सुमारास जमिनीच्या भावांचा फुगा फुटला आणि त्यानंतर २००२ मध्ये शहराच्या मध्यभागी उंच बांधायला आणखी मोकळीक दिली. माणसं येत राहिली, घरंही बांधली जात राहिली, त्यामुळे लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारखी भाडी तिथे चढली नाहीत.

अलीकडे बाकीच्या ठिकाणीही जुने नियम सैल व्हायला लागलेत. अमेरिकेत मिनियापोलिस शहराने २०१८ मध्ये आणि ओरेगन राज्याने २०१९ मध्ये एका प्लॉटवर एकच घर ही अट काढायचं ठरवलं. तिथल्याच ह्यूस्टन शहराने तर त्याच्याही खूप आधी, १९९८ मध्येच शहराच्या आतल्या भागात प्लॉटचं किमान माप ५००० चौरस फुटांवरून १४०० वर आणलं, त्यामुळे एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन घरं उभी राहिली आणि जमिनीचा खर्च तिघांत वाटला गेला. विरोध होऊ नये म्हणून त्यात एक सोय ठेवली होती, ज्या गल्लीतल्या लोकांना हे नकोय त्यांनी सह्या गोळा करून आपल्या गल्लीपुरता जुना नियम मागून घ्यायचा, काही गल्ल्यांनी तो घेतला आणि बाकीच्या गल्ल्यांत नवी घरं झाली.