बग्गीच्या आधीची गोष्ट

अमेरिकेत ओहायो राज्याच्या होम्स काउंटीत बर्लिन नावाचं गाव आहे. तिथल्या आमिश आणि मेनोनाइट या एकाच मुळाच्या दोन ख्रिस्ती पंथांच्या वारसा केंद्रात एक गोल दालन आहे आणि त्याच्या भिंतीवर सलग फिरत गेलेलं एकच चित्र: १० फूट उंच, २६५ फूट लांब. जर्मनीत जन्मलेल्या हाइन्झ गाउगेल यांनी ते १९७८मध्ये सुरू केलं आणि १९९२मध्ये पुरं केलं. नाव ‘बेहाल्ट’, म्हणजे जपून ठेवणं. आमिश लोकांची घोड्याची बग्गी आणि विजेविना चालणारी घरं पाहून बरेच जण परततात. मला वाटतं, आधी हे चित्र पाहावं, कारण ‘हे लोक असे का?’ याचं उत्तर तिथे आहे.

या पंथांची सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची, जानेवारी १५२५ची. काही तरुणांनी ठरवलं की बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, तान्ह्या बाळाला द्यायचा नाही. समजत्या वयात माणसानं तो आपणहून घ्यायचा. पण बाळाचा बाप्तिस्मा ही तेव्हा राज्याचीही बाब होती. ५ जानेवारी १५२७ रोजी त्या तरुणांपैकी फेलिक्स मांझला, हात गुडघ्यांवरून खाली ओढून बांधून, लिमाट नदीत बुडवण्यात आलं. पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला शिक्षाही पाण्याचीच.

१५६९मधली हॉलंडची हकिगत तर आमिश घराघरांत सांगितली जाते. याच पंथाचा, कैदेतून निसटलेला डर्क विलेम्स गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. मागे लागलेल्या शिपायाच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क मागे फिरला, त्यानं त्याला हात देऊन वर काढलं. तरीही डर्कला पकडून जिवंत जाळण्यात आलं. शत्रूवरही हात उगारायचा नाही, हे या लोकांनी असं जगून दाखवलंय.

‘आमिश’ हे नाव पुढचं, पंथाचे एक पुढारी याकोब आमान यांच्यावरून पडलेलं. पंथातून काढलेल्याशी रोटीव्यवहारही ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून १६९३मध्ये पंथात फूट पडली. अठराव्या शतकात हे लोक पेन्सिल्व्हेनियात आले, तिथून ओहायोत. युरोपात उरलेले हळूहळू मेनोनाइटांत मिसळले. तिथला शेवटचा आमिश गट १९३७मध्ये त्यांच्यात विलीन झाला.

मोटारगाडी आली आणि आमिशांनी ती नाकारली, तेव्हा प्रश्न यंत्राचा नव्हता. गाडीनं माणसं गावापासून आणि एकमेकांपासून दूर जातील, ही धास्ती होती. शाळेचंही तसंच. विस्कॉन्सिनमधल्या तीन वडिलांनी मुलांना आठवीपुढे पाठवलं नाही, म्हणून त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२मध्ये निकाल आमिशांच्या बाजूनं लागला. कोर्टकचेरी आमिशांच्या रीतीत बसत नाही. त्यामुळे हा लढा त्यांच्यासाठी बाहेरच्या माणसांच्या समितीनं चालवला. त्या समितीचे प्रमुख ल्यूथरन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे एक धर्मगुरू होते.