मिसिसिपी आरोग्य प्रकल्प

अमेरिकेतील ‘अल्फा कप्पा अल्फा’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सॉरॉरिटीने १९३५ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मिसिसिपी राज्याच्या ग्रामीण भागात दर उन्हाळ्यात चालविलेला स्वयंसेवी आरोग्योपक्रम. सॉरॉरिटी म्हणजे अमेरिकी महाविद्यालयांतील स्त्रियांची, बहुधा ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेली संघटना; तिला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘भगिनी मंडळ’ म्हटले की हळदीकुंकू आठवते. ‘विद्यार्थिनी संघटना’ हा पर्यायही अपुरा आहे, कारण महाविद्यालयात घेतलेले सभासदत्व तहहयात टिकते आणि पदवीधरांच्या शाखा स्वतंत्रपणे चालतात. प्रस्तुत प्रकल्पाचा भारही प्रामुख्याने नोकरी-व्यवसाय करणाऱ्या पदवीधर सभासदांनीच उचलला.

ही संघटना वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी स्थापन झाली. कृष्णवर्णीय स्त्रियांनी ग्रीक अक्षरांचे नाव घेऊन काढलेली ही पहिली सॉरॉरिटी होय. १९३० च्या दशकात तिच्या अध्यक्ष असलेल्या आयडा जॅक्सन या मूळच्या मिसिसिपीतील व्हिक्सबर्गच्या. त्यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये होम्स परगण्यातील लेक्सिंग्टन येथे खेड्यांतील शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरले. माणसे आजारी आणि अर्धपोटी असताना नुसत्या शिक्षणाने भागणार नाही, हे तेथे ध्यानात आले आणि पुढच्या वर्षी आरोग्याचे काम हाती घेण्यात आले. वैद्यकीय सूत्रे डॉ. डोरोथी फेरेबी (१८९८–१९८०) यांच्याकडे होती.

कालमर्यादेबाबत एकवाक्यता नाही. काही लेखक १९३४ चे वर्ग धरून आरंभ मोजतात; परंतु ते काम अध्यापनाचे असल्याने १९३५ हेच वर्ष ग्राह्य धरणे सयुक्तिक. अखेर कोठे १९४१, तर कोठे १९४२ अशी दिली जाते. ‘सात उन्हाळे’ हा वारंवार येणारा उल्लेख प्रमाण मानला, तर शेवटचा हंगाम १९४१ चा ठरतो. अमेरिकेत टायरांचे नियंत्रित वाटप जानेवारी १९४२ मध्ये सुरू झाले व त्याच वर्षी पेट्रोलवरही निर्बंध आले. मोटारींवर विसंबलेल्या कामाला ही अडचण मोठीच होती, हेही या मताला पूरक आहे.

मोटारींचा वापर मात्र मूळ योजनेत नव्हता. ठरावीक ठिकाणी दवाखाने उघडायचे व रुग्णांनी तेथे यायचे, असे ठरले होते. कापसाच्या मळ्यांचे गोरे मालक आपल्या बटईदारांना बाहेर सोडीनात. तेव्हा दवाखानाच मोटारीत घालून मळ्यांवर न्यावा लागला. तपासणी चालू असताना मालकांचे शस्त्रधारी घोडेस्वार पहारा देत, असे फेरेबी यांनी नमूद केले आहे. मोटारीतून नेलेला हा अमेरिकेतील पहिला फिरता दवाखाना होता, असा दावा केला जातो. अलाबामा राज्यातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेची ‘फिरती शाळा’ १९०६ पासून खेडोपाडी जात होती आणि १९२० च्या सुमारास तिच्यासोबत परिचारिकाही असे. त्यामुळे हा दावा जपूनच स्वीकारावा लागतो.

देवी व घटसर्प यांच्या लसी, दंतोपचार, उपदंशावरील उपचार, आहार व स्वच्छतेची शिकवण असे कामाचे स्वरूप होते. स्वयंसेविका बिनपगारी येत. होम्सनंतर बोलिव्हार परगण्यात काम झाले. पूर्वाश्रमीच्या गुलामांनी १८८७ मध्ये वसविलेले माउंड बायू हे गाव याच परगण्यातले. लस दिलेल्या मुलांचा आकडा सामान्यतः १५,००० च्या आसपास सांगितला जातो. तपशिलांचा मुख्य आधार संघटनेचे वार्षिक अहवाल हाच असल्याने तो अंदाज समजावा.

वर्षातून काही आठवड्यांच्या शिबिरांनी मळ्यांवरील दारिद्र्य हटणार नव्हते, याची जाणीव कार्यकर्त्यांना होती. संघटनेने १९३८ मध्ये वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी कायदेमंडळाकडे पाठपुरावा करणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली, ती याच काळात. फेरेबी पुढे संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९४९ ते १९५३ या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.