गिळण्याचे पुनर्वसन व्यायाम

पक्षाघात, पार्किन्सनचा आजार, डोके व मानेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार अशा कारणांनी गिळण्याची क्रिया बिघडलेल्या रुग्णाला पुन्हा सुरक्षितपणे खाता-पिता यावे, यासाठी जीभ, घसा, स्वरयंत्र व श्वसन यांच्या स्नायूंकडून पद्धतशीरपणे करून घेतला जाणारा सराव. या बिघाडाला वैद्यकात डिस्फेजिया म्हणतात. व्यायाम ठरवणे व शिकवणे हे काम मुख्यतः गिळण्याच्या विकारांचे प्रशिक्षण घेतलेले स्पीच थेरपिस्ट करतात.

घास तोंडातून घशात उतरला की पुढचे सारे साधारण एका सेकंदात उरकते : नाकाकडची वाट बंद होते, जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइड हाड आणि त्याच्या खालचे स्वरयंत्र वर व पुढे सरकतात, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्राच्या तोंडाशी असलेली एपिग्लॉटिस ही कूर्चेची पाकळी त्यावर झाकणासारखी कलते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला स्नायू सैल होऊन वाट देतो. यातली एखादी पायरी दुबळी पडली किंवा उशिरा झाली, तर अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत जातो. अशा वेळी एरवी ठसका लागतो. घशाची संवेदना मंदावलेल्या रुग्णाला मात्र तोही लागत नाही. त्यामुळे ‘ठसका लागत नाही, म्हणजे गिळणे ठीक आहे’ हा घरच्यांचा समज घातक ठरू शकतो. फुप्फुसदाह झाल्यावरच खरा प्रकार लक्षात येतो.

नेमकी कोणती पायरी चुकते हे बाहेरून दिसत नाही. म्हणून क्ष-किरणांत उठून दिसणारे बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली चलचित्र घेतात, किंवा नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून घसा पाहतात. व्यायामाची निवड या तपासणीवर अवलंबून असते. एकाला उपयोगी पडलेला व्यायाम दुसऱ्याने पाहून करणे योग्य नाही.

सर्वांत परिचित व्यायाम अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञ रेझा शेकर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण उशी न घेता उताणा झोपतो आणि खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके वर करतो. एक मिनिट धरायचे, एक मिनिट विसावा, असे तीनदा. त्यानंतर न थांबता तीस वेळा डोके वर-खाली. हे दिवसातून तीनदा, सहा आठवडे. हनुवटीखालचे जे स्नायू हायॉइड वर ओढतात, ते यामुळे बळकट होऊन अन्ननलिकेचे तोंड अधिक उघडते. वाचायला सोपा वाटणारा हा व्यायाम अशक्त किंवा मानेचे दुखणे असलेल्या माणसाला फार जड जातो. त्यांच्यासाठी बसल्या बसल्या हनुवटीखाली रबरी चेंडू धरून दाबण्याचा प्रकार पुढे आला.

मेंडेलसन पद्धतीत रुग्ण गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून गिळतो, घाटी वर गेल्याचे बोटाला जाणवताच ती काही सेकंद तिथेच रोखतो आणि मग सोडतो. शब्दांनी समजावणे कठीण. बोटाला एकदा कळले की जमते. मासाको व्यायामात जिभेचे टोक दातांमध्ये हलके धरून केवळ लाळ गिळतात, अन्न कधीही नाही, कारण जीभ अशी अडकली असता घशात घास मागे राहतो. जोर लावून गिळणे, जिभेने टाळूवर दाब देणे आणि पार्किन्सनच्या रुग्णांसाठी विरोध देणाऱ्या उपकरणात फुंकर मारणे हेही प्रकार रूढ आहेत.

हनुवटी छातीकडे झुकवणे, दुबळ्या बाजूकडे मान वळवणे किंवा पातळ पदार्थ घट्ट करून देणे यांची गणना अनेकदा व्यायामांतच केली जाते, पण ते चुकीचे आहे. हे उपाय त्या घासापुरते संरक्षण देतात. स्नायूंची ताकद त्यांनी वाढत नाही.

श्वास रोखून गिळण्याच्या पद्धतीत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, त्यामुळे हृदयरोग असलेल्यांना ती जपून देतात. मायस्थेनिया ग्रेव्हिससारख्या आजारात श्रमाने स्नायू आणखी थकतात, तिथे बळ वाढवण्याचे व्यायाम सहसा टाळले जातात. किरणोपचार घेणाऱ्यांना मात्र गिळण्याचे व्यायाम उपचार सुरू होण्याआधीच शिकवण्याकडे कल वाढला आहे. न वापरलेला घसा किरणोपचारानंतर लवकर ताठरतो.