मेनॉमिनी काउंटीचं जंगल ‘कुऱ्हाड न लागलेलं’ नाहीये!

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मेनॉमिनी काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कायम ऐकायला मिळतं की तिथल्या आदिवासींनी जंगलाला हातच लावला नाही म्हणून ते टिकलं. हे साफ चुकीचं आहे. निओपिट गावात त्यांची स्वतःची लाकडाची मिल आहे, दीडशेहून जास्त वर्षं तोड चालू आहे, फक्त आजारी, म्हातारी झाडं आधी आणि जेवढं वाढतं त्याच हिशोबात, म्हणून १८५४ मध्ये अमेरिकी सरकारशी करार झाला तेव्हा होतं त्यापेक्षा आज जास्त लाकूड तिथे उभं आहे. आणि काउंटी तरी कुठे जुनी, सरकारने जमातीची मान्यताच काढून घेतली तेव्हा १९६१ मध्ये ती झाली, मग जमातीतल्याच कार्यकर्त्या एडा डिअर आणि इतरांनी लढून १९७३ मध्ये मान्यता परत मिळवली. एवढे कष्ट करणाऱ्यांना ‘हात लावला नाही’ म्हणणं मला खरंच खटकतं.